उलट बाजूचे खरात सर

आदरणीय आनंदराव खरात सरांचे भाषण मी पहिल्यांदा ऐकले, तेव्हा मुलींनी सातवीनंतर शाळेत पाऊल टाकू नये, असे ते सांगत होते. गौरवग्रंथातल्या लेखाची ही सुरुवात वाचून संपादक मंडळी दचकतील, हे मी जाणून आहे. पण मी जालन्याच्या कोर्टात आयुष्य काढलेली बाई. घडले तसे सांगायची सवय आता सुटायची नाही. त्या संध्याकाळी मी नुकतीच सातवी पास झालेली, टेंभुर्णीच्या शाळेच्या ओसरीत आईला चिकटून बसले होते. सर इतके सुरेख बोलत होते की शेजारच्या मावशी "बराबर हाय, बिलकुल बराबर" म्हणत मान डोलवत होत्या आणि मला मात्र रडू आवरत नव्हते.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. जालना जिल्हा अजून व्हायचा होता. सर मूळचे आष्टीकडचे. बौद्ध कुटुंबातले, घरातले पहिले पदवीधर. आमच्या हायस्कुलात शिक्षक म्हणून आले आणि वर्षभरात त्यांनी वक्तृत्व मंडळ सुरू केले. दर गुरुवारी दिवेलागणीला माणसे शाळेच्या ओसरीत जमत. दोन सतरंज्या, एक गॅसबत्ती आणि एक खुर्ची, एवढाच मंडळाचा संसार होता. बोलायला तीन मिनिटे मिळत आणि पोस्टमास्तर कुलकर्णी घड्याळ हातात धरून बसत. "दोन शब्द बोलतो" अशी सुरुवात करणाऱ्याला सर दोन शब्दांनंतर खाली बसवत, तेही हसत हसत.

मंडळाचा खरा नियम मात्र वेगळाच होता. विषय निघाला की सर आधी बोलणाऱ्याला त्याचे मत विचारत आणि मग त्याच्या बरोबर विरुद्ध बोलायला उभे करत. ज्याला गावात दारूचे दुकान नको, त्याने दुकानाची बाजू घ्यायची. ज्या सासूला सुनेची वेगळी चूल खपत नाही, तिने वेगळ्या चुलीचे गुण गायचे. "आपली बाजू आपल्याला झोपेतही बोलता येते," सर म्हणत. "एकदा समोरच्याची बोलून पाहा. मग खुशाल भांडा." गावाने मंडळाचे नाव 'उलटं मंडळ' पाडले होते. निकाल टाळ्यांवर लागे आणि जिंकणारा पुढच्या गुरुवारी त्या एकुलत्या खुर्चीत बसे. खुर्ची हुकली म्हणून चांगली पोक्त माणसे आठवडाभर रुसून बसलेली मी पाहिली आहेत.

सर शिस्तीचे होते, पण कुणाची फजिती त्यांना बघवत नसे. आमच्या गावचे शिंपी रहीमभाई एकदा बोलता बोलता मधेच थांबले. पुढचे काही केल्या आठवेना. लोक खुसखुसू लागले. सर शांतपणे उठले, "बत्ती मंद झालेली दिसते," म्हणाले आणि गॅसबत्तीला पंप मारू लागले. बत्ती चांगली ढणढणत होती. सर पंप मारतच राहिले. शेवटी रहीमभाईच म्हणाले, "सर, बस करा, बत्ती फुटंल. आठवलं मला." सगळी ओसरी हसली आणि रहीमभाई त्या दिवशी जिंकले. माणसाची अब्रू राखायची आणि आपण राखली हे कळूही द्यायचे नाही, ही सरांची रीत मी तेव्हापासून पाहत आले आहे.

आता त्या पहिल्या संध्याकाळकडे येते. सातवीपर्यंत आमची मुलींची शाळा वेगळी होती. आठवीपासून हायस्कुलात मुलांबरोबर बसावे लागे, म्हणून मुली सातवीलाच थांबत. त्या उन्हाळ्यात सरांनी घरोघर फिरून पाच मुलींच्या वडिलांना राजी केले होते. त्यात माझे वडील, आबा, होते. दोन बैलांची शेती, स्वभाव तापट, पण शब्दाला पक्के. आबांनी होकार दिला तेव्हा मी घरभर नाचले होते.

लग्नसराई होती. गावात पाहुणे होते, करमणूक म्हणून बरीच नवी माणसे मंडळात आली आणि आबाही पहिल्यांदाच आले. पोस्टमास्तरांनी विषयाची चिठ्ठी उचलली. विषय निघाला, 'मुलींनी सातवीपुढे शिकावे का?' सरांचे मत साऱ्या गावाला ठाऊक, तेव्हा नियमाप्रमाणे त्यांना विरुद्ध बोलणे आले. नेहमीच्या माणसांना ते सांगायची गरज नव्हती. नव्यांना सांगायचे त्या गर्दीत राहून गेले.

आणि सर बोलले. घरात धाकटी भावंडे, आई एकटी शेतात निंदायला, पोरगी पुस्तकात डोके घालून बसलेली. वाटेवर टिवल्याबावल्या करणारी पोरे. शिकलेल्या पोरीला शिकलेला नवरा, तो कुठून आणायचा? एकेक वाक्य असे की प्रत्येक बापाला आपलेच घर दिसावे. टाळ्यांनी ओसरी दणाणली. सर हसत खाली बसले. आपण नेमके काय करून बसलो, ते त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी कळले.

सकाळी आबांनी त्यांना पारापाशी गाठले. मी पाण्याला निघाले होते, म्हणून सगळे ऐकले.

"सर, तुमचं पटलं बघा. शांतीचं नाव काढून टाका."

"अहो आबा, ती उलट बाजू होती! माझं मत तसं नाही."

"उलट-सुलट मला कळत न्हाई. तुम्ही बोलले ते खरं होतं. खोटं असतं तर इतकं बेस आलं असतं काय?"

दुपारपर्यंत आणखी दोन वडिलांनी नकार कळवला. उरलेले दोघे आबांकडे बघून ठरवणार होते. शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले होते. मी चुलीपुढे बसून भाकरी थापत होते आणि पीठ भिजवायला पाण्याची गरज पडत नव्हती, एवढेच सांगते.

संध्याकाळी सर आमच्या घरी आले. आमच्या ओसरीवर त्यांना चहा मिळे तो निराळ्या कपात, कान तुटलेल्या. हे लिहिताना मला लाज वाटते, पण ते तसेच होते. सर कपाकडे बघत, चहा पीत आणि कामाचे बोलत. त्या दिवशी ते बराच वेळ स्वतःच्या बाजूने बोलले. आणि खरे सांगायचे तर वाईट बोलले! ज्या गोष्टीवर जीव होता, ती सांगताना त्यांचे शब्द अडखळत होते, आवाज चढत होता. आबा ऐकून घेत होते.

"काल किती झकास बोलले, सर. आज तुम्ही नुसते चिडून राह्यले."

सरांना हसू आले. मग ते म्हणाले, "आबा, येत्या गुरुवारी तुम्ही बोलता का? हाच विषय. माझ्यासमोर."

"मी? मंडळात?" आबा सावरून बसले. खुर्ची त्यांनीही पाहिली होती. "बोलंन की. त्यात काय. पोरीनं घरी बसावं, ते चार शब्दांत सांगतो."

"तसं नाही चालणार. तुमचं मत घरी बसावं असं आहे ना? मग तुम्हाला बोलावं लागेल शिकावं म्हणून. मंडळाचा नियम."

"आन् तुम्ही?"

"मी पुन्हा विरुद्ध. नियम मलाही आहे."

आबांनी आईकडे बघितले, माझ्याकडे बघितले. "आपण कोणाला भेत न्हाई," म्हणाले. "येतो."

तो आठवडा आमच्या घरात कुणाला धड झोप नव्हती. आबा नांगरताना बैलांपुढे भाषण करत. एकदा मधेच थांबून बैलांवरच ओरडले, "पोरीनं शिकावं म्हणतो ना मी! मंग?" बैलांनी काय म्हणावे? तिकडे पोस्टमास्तर सरांना समजावत होते. हे मला त्यांनीच पुढे सांगितले. "सर, तुम्ही जरा ढिले बोला. आबांना जिंकू द्या. पोरीचं कल्याण होईल, नियमही मोडणार नाही." त्यावर सर म्हणाले, "मुद्दाम हरलो तर आबांना कळेल. ते शेतकरी आहेत, बैल कधी अंग चोरतो ते त्यांना बघताक्षणी कळतं. मग मी पुढे काहीही खरं सांगितलं तरी ते कशाला मानतील?" पोस्टमास्तरांनी कपाळाला हात लावला.

गुरुवारी ओसरी भरून माणसे अंगणात बसली होती. सर आधी उभे राहिले आणि म्हणाले, "गेल्या बैठकीत मी नव्या मंडळींना नियम सांगितला नाही. ती माझी चूक. इथे मी जे बोललो ते माझं मत नव्हतं, आणि आज बोलेन तेही नाही." लोक एकमेकांकडे बघू लागले. कुणी म्हणाले, "मंग बोलता काहून?" सर म्हणाले, "तेच तर आज बघायचंय."

आबा बोलायला उठले. पहिले मिनिट त्यांचे नुसते पटका सारखा करण्यात गेले. बैलांपुढचे सगळे भाषण कुठल्या कुठे गेले होते. मग त्यांची नजर बायकांच्या बाजूला, माझ्या आईवर गेली, आणि ते तिच्याकडे बघतच बोलू लागले.

"आमची मालकीण हसनाबादला माहेराला निघाल्ती. मी गाडीत बसवून दिलं असतं, पर मला खळं होतं. एकटीच गेल्ती भोकरदनच्या स्टँडवर. पाटी वाचता येत न्हाई. कोणाला विचारायची लाज. बसली भलत्याच गाडीत. उतरली तर गाव वळखीचं न्हाई, दिवस मावळून राह्यला, कडेवर पोर. एका म्हातारीनं घरात घेतलं म्हणून निभावलं." आबा थांबले. "ती घरी आली, मला सांगितलं, आन् मी हासलो. अजून हासतो. कोणी पाव्हणा आला का सांगतो आन् हासतो. ती बी खाली मान घालून हासती. त्या कडेवरच्या पोराचं नाव शांती. ती आता सातवी पास हाय. उद्या ती स्टँडवर उभी राह्यली, तर तिच्यावर कोणी हासू नये. मला एवढंच बोलायचं व्हतं."

आई पदर तोंडाला लावून बसली होती. मला वाटले, जिंकलो. आता सरांनी नुसते उठावे आणि पुन्हा खाली बसावे.

पण सर उठले आणि पूर्ण तीन मिनिटे बोलले. गेल्या गुरुवारपेक्षाही जोरात. पाटी वाचायला सातवी पुरते की, मग आठवी कशाला? आबांच्या सगळ्यात मजबूत जागेवरच त्यांनी बोट ठेवले. मला ते त्या क्षणी वैऱ्यासारखे वाटले. बोलताना त्यांचा एक हात धोतराच्या निऱ्या घट्ट धरून होता, हे मी पाहिले. त्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी लागला. ते बसले. पोस्टमास्तरांनी टाळ्या मागितल्या. आबांना भरपूर मिळाल्या. सरांना त्याहून जास्त मिळाल्या.

सर जिंकले. एवढे पडलेले तोंड घेऊन कुणी जिंकल्याचे मी नंतर कधीच पाहिले नाही. पोस्टमास्तर घड्याळाला चावी देत बसले. कुणाकडे बघायचे त्यांना सुचत नसावे.

आबा मात्र खाली बसलेच नव्हते. तसेच उभे राहून म्हणाले, "सर, तुम्ही आज काही ठेवून बोलले न्हाई."

"नाही, आबा."

"मी बघून राह्यलो व्हतो. तुम्ही जरा बी ढील दिली असती ना, तर मी पोरीला घेऊन इथूनच घरी गेलो असतो. म्हटलं असतं, मास्तर खेळवून राह्यला आपल्याला." मग त्यांनी साऱ्या ओसरीकडे बघितले. "सर लई बेस बोलले. पर बोलता बोलता मला माझंच पटलं, त्याला मी काय करू? टाळ्या तुमच्या, सर. पोरगी माझी. घाला तिचं नाव आठवीत."

सर उठले. त्यांनी आबांचे दोन्ही हात धरले. मग हसू, टाळ्या, शिट्ट्या, काय काय झाले. आबांचे पाहून बाकीचे वडीलही वळले आणि त्या वर्षी आठवीच्या वर्गात आम्ही पाचही मुली बसलो. कान तुटलेला कप पुढे आमच्या घरात दिसला नाही. तो फुटला की आईने फोडला, मला माहीत नाही.

सरांची पुढे बदली झाली. ते जिथे गेले तिथे उलटे मंडळ निघाले आणि प्रत्येक बैठकीच्या आरंभी "आता जे ऐकाल ते माझं मत नाही" हे बजावून सांगायला ते कधी विसरले नाहीत. आमच्या पाचजणींपैकी दोघी शिक्षिका झाल्या, एक नर्स, एकीने शेती आणि दूध संघ सांभाळला. मी वकील झाले. माझ्या पहिल्या खटल्याला सर कोर्टात मागच्या बाकावर येऊन बसले होते. मी हरले. बाहेर आल्यावर त्यांनी धीरबीर काही दिला नाही. "समोरच्या वकिलाचा मुद्दा तुम्हाला त्याच्याइतका येत नव्हता," म्हणाले आणि मला उसाचा रस पाजला. सातवीतल्या पोरीलाही अहोजाहो करणारे सर मला आजतागायत 'तुम्ही'च म्हणतात.

सरांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. गुडघे कुरकुरतात, डॉक्टरांनी घशाला विश्रांती द्यायला सांगितली आहे, आणि सर ती देत नाहीत, अशी सरांच्या पत्नीची, आमच्या काकूंची, तक्रार आहे. मला त्यांचा अभिमान वाटतो. उघड सांगते, मला माझ्या सनदेपेक्षा जास्त अभिमान या माणसाचा वाटतो. ज्या मुलींसाठी ते उन्हातान्हात दारोदार हिंडले, त्यांच्यासाठीसुद्धा त्यांनी माझ्या अडाणी बापाला लटके बोलून फसवले नाही. आबांना त्यांनी बरोबरीचा माणूस मानले. आबा शेवटपर्यंत हेच सांगत, "सरांनी मला हरवलं," आणि असे सांगत, जणू मोठा मान मिळाला होता.

माझी नात आता बोलायला उभी राहू लागली आहे. सर, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. गुडघे चालत राहोत, आवाज खणखणीत राहो. तिच्या समोर तुम्ही उभे राहा. आणि लेकरू आहे म्हणून तिला जरासुद्धा ढील देऊ नका.

– ॲड. शांती