पाच वाजताचं फाटक

“अबे, त्याचं तोंड बांध! आणखी कोणाले नेते का तो?” शेजारचे काका भिंतीवरून ओरडत होते. बाबांची तेरवी कालच झाली होती आणि त्यांचा कुत्रा दिवसभर रिकाम्या घरात रडत होता. त्याच्या रडण्यानं बडनेरा स्टेशनात गाड्या हिरवा सिग्नल असतानाही थांबायच्या, हे मी शपथेवर सांगतो. खात मात्र तो काहीच नव्हता. बरगड्या वर आल्या होत्या, आणि बाबांचं जिवंत असं तेवढंच माझ्याकडे उरलं होतं.

शेवटी ऑफिसला जाताना मी त्याला कुत्र्यांच्या पाळणाघरात सोडू लागलो. तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी घरच्या माणसाचं न धुतलेलं कापड मागितलं. मी बाबा शेतात जाताना खांद्यावर टाकायचे तो दुपट्टा दिला.

महिनाभरात गडी असा फुगला, की उचलायला क्रेन सांगावी लागली असती.

“काय जादू केली, ताई?”

“जादू कायची? बाकीच्यायसंग खेळते, दमते, झोपते. पाच वाजले का दुपट्टा तोंडात धरून फाटकापाशी जाते अन् शेपटी हालवते. मंग फाटक उघडा लागते.”

पाच ही बाबांची शेतातून परत यायची वेळ. ती मी बाईंना कधीच सांगितली नव्हती.

“मग आत कोण येतं?” मी विचारलं.

“कोणी नाई. पण उघडल्याबिगर तो जेवत नाई.”