पुसलेली पोस्ट

चूक माझीच. दौंडच्या आमच्या कॉलनीच्या ऑनलाइन फोरमवर मी टोपणनावाने शेजारच्या मामांच्या बासरीची टिंगल केली आणि घाबरून पोस्ट पुसली. त्या दिवसापासून बासरी बंद. माफी मागायची तर पोस्टमधले नेमके शब्द हवेत, म्हणून स्टेशनसमोरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेलो.

त्याने चष्मा कपाळावर सरकवला, फोरमची कुठेतरी साठलेली जुनी प्रत शोधली आणि गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने वाचलं, "कुकरला तीन शिट्ट्या पुरतात, मामांच्या थांबतच नाहीत!" मग डोळा मारून म्हणाला, "साहेब, एवढी खटपट कशापायी? ज्याला लागलंय त्याला तोंडपाठ असंल की."

मामांकडे विषय काढताच त्यांनी पोस्ट स्वल्पविरामासकट म्हणून दाखवली.

"मामा, ते मीच लिहिलं. माफ करा. बासरी वाजवा, शिट्ट्या मोजणार नाही."