दाणा, खडा आणि माझी पदवी

दुसऱ्यांदा दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मला आनंदाच्या आधी भीती वाटली. थोरल्याला थॅलेसेमिया. अंगात रक्त नीट तयार होत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी नगरला नेऊन रक्त चढवावं लागतं. तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि सुई टोचायच्या आधी स्वतःच हात पुढे करायचा. बघवत नसे. येणारं बाळही असंच निघालं तर? एवढंच मी रोज देवाला विचारत होते.

खरं तर हे डॉक्टरांना विचारायला हवं होतं. त्यांनी सांगितलं होतं सगळं. जनुकं, वाहक, पंचवीस टक्के, पुण्याला जाऊन पोटातल्या बाळाची तपासणी. मी नुसती मान हलवत राहिले. आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिली. सातबारा असो की बँकेचा कागद, सगळे माझ्यापुढे आणून ठेवतात, आणि मला त्याचा अभिमान होता, आजही आहे. सासू माझी सख्खी आत्या. भावाची लेक सून करून आणायची आमच्याकडे रीतच आहे. डॉक्टरांच्या दाराबाहेर येताच तिने विचारलं, "काय म्हनला गं डाक्टर?" 'मला समजलं नाही' हे शब्द तोंडातून निघेनात. मी ठोकून दिलं, "चारात एक लेकरू आजारी निघतं. आपलं ते एक होऊन गेलं. आता पुढची तीन निर्धास्त." आत्याने तिथेच हात जोडले. पुण्याचं जाणं रद्द झालं.

पण रात्रंदिवस मन खात होतं. त्या एकादशीला आत्या, थोरला आणि मी नेवाशाला माउलींच्या दर्शनाला गेलो. ज्याला टेकून माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली, त्या दगडी खांबाला डोकं टेकवलं आणि एकदम रडू आलं. मनात म्हटलं, माउली, मला काही कळलेलं नाही, तुम्हीच समजावून सांगा. माणसांपुढे जे बोलवत नव्हतं, ते दगडापुढे सहज बोलून गेले.

बाहेर मंडपात बायका दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे गहू निवडत बसल्या होत्या. आम्हीही एका सुपाशी बसलो. समोर साठीची एक अनोळखी बाई होती. थोरल्याच्या हातावरची चिकटपट्टी बघून म्हणाली, "रगताला नेता काय? माझी नात बी जाती." मग पोटाकडे बघून थांबली. आत्याने लगेच सांगितलं, "आता भ्या न्हाई. चारात एक असतंय. आमची शिकल्याली हाय, तिला समदं ठाऊक."

बाईचे हात थांबले. "शिकलेली दिसतीस, आन असं सांगतीस व्हय गं?" तिने सुपातला एक दाणा आणि एक खडा माझ्या तळहातावर ठेवला. तसाच एक दाणा, एक खडा आत्याच्या हातावर. आधी माझ्या, मग आत्याच्या हाताकडे बोट करत म्हणाली, "ही तू. ह्यो तुझा मालक. लेकरू दोघांकडनं एकेक घेतं, डोळं झाकून. दोन्ही खडं आलं तर रगत लागतं. एकच खडा आला तर लेकरू तुमच्यावानी, हिंडतंय फिरतंय. दोन्ही दाणं आलं तर काळजीच न्हाई." मी डोळे मिटून माझ्या हातावरचं एक उचललं, आत्याच्या हातावरचंही एक उचललं. "आता जिथलं तिथं ठिव," ती म्हणाली. "हातावर पुन्हा तेवढंच हाय का न्हाई? मग दुसऱ्या लेकराला बी पहिल्यापासनं उचलायचं. पहिलं काय निघालं, ते ह्याला काय म्हाईत!"

किती सोपं होतं, आणि मी घरभर काय सांगून बसले होते!

आत्या मात्र हातातला खडा बघत होती. "म्हंजी माझ्या पोराकडं बी हाय? आमच्या आबाकडनंच, तुझ्या आज्याकडनं, दोन्हीकडं आला असंल मग, मला बी आन तुझ्या बापाला बी." आणि एकदम हसली. "बघ बाई, जिमिनीत लेकीला वाटा दिला न्हाई, ह्याच्यात मातर दिला!" सगळ्या बायका हसल्या. "खडा कुनी मुद्दाम टाकत न्हाई," ती बाई म्हणाली, "पर निवडाया बसलं तर दिसतो. पुण्याला जावा."

आम्ही गेलो, आत्या, हे आणि मी. तिथल्या डॉक्टर बोलायला लागल्या तेव्हा मी त्यांना मध्येच थांबवलं. "मॅडम, माझी पदवी बाजूला ठेवा. मागच्या वेळी मला समजलं नव्हतं. आत्याला कळेल असं सांगा, म्हणजे मलाही कळेल." ह्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी मात्र खुर्ची पुढे ओढली, कागद घेतला, आणि पाऊण तास आमच्याशी बोलल्या. तपासणीची सुई पोटाला लागली तेव्हा आत्याने माझा हात धरला होता. निकाल येईपर्यंतचे दिवस कसे काढले ते माउलींना ठाऊक. बाळात एकच खडा होता, आमच्यासारखा.

ती लेक आता तिसरीत आहे, दिवसभर उंडारते. थोरल्याला अजून रक्त लागतं. ती काळजी सरलेली नाही. त्या बाईंचं नाव विचारायचं राहून गेलं. पुढच्या कितीतरी एकादश्यांना मी मंडपात त्यांना शोधलं, कुणालाच माहीत नव्हत्या. कोण होत्या, यावर मी वाद घालत नाही. ते दिवस आठवले की इतकंच वाटतं, देवाला शरण जाणं मला कधी जड गेलं नाही. माणसासमोर 'मला कळलं नाही' म्हणणं जड गेलं, आणि माउलींना माझ्याकडून तेवढंच हवं होतं. आता रक्ताच्या वॉर्डात एखादी नवी आई डॉक्टरांपुढे नुसती मान हलवताना दिसली, की मी तिच्या शेजारी जाऊन बसते आणि विचारते, "ताई, कळलं का खरंच?"