आधी हातातलं खाली

ठाकुर्लीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये एक रिटायर्ड नर्स राहतात, त्यांना सगळे सिस्टरच म्हणतात. दारात कुणीही येवो, त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आधी हातातलं खाली ठेव, मग बोल." मग ती भाजीची पिशवी असो नाहीतर मोबाईल. मला तो त्यांचा चक्रमपणा वाटायचा.

गेल्या महिन्यात पार्किंगवरून शेजारच्या सोसायटीतली पोरं सळ्या घेऊन आली. आमचीही स्टम्प घेऊन उतरली. सिस्टर गाऊनवरच खाली आल्या, मधोमध उभ्या राहिल्या आणि आवाज न चढवता तेच वाक्य बोलल्या. पोरांनी खरंच सगळं खाली ठेवलं. मी बघतच राहिलो.

जिना चढताना मी विचारलं, "भीती नाही वाटली?"

"लिबियात होते ना मी, लढाई चाललेली तेव्हा. दोन्हीकडच्या टोळ्यांचे जखमी आमच्याच हॉस्पिटलात यायचे. बंदूक बाहेर ठेवल्याशिवाय मी कुणाला आत घेत नव्हते. सगळ्या एकाच भिंतीला टेकवलेल्या असायच्या."

"आणि ऐकायचे ते?"

"ऐकायचे. जो बरा व्हायचा, तो आपली घेऊन जायचा." त्या कठड्याला धरून थांबल्या. "भिंत काही कधी रिकामी झाली नाही रे."