मोहाचं झाड आणि रेडिओची खरखर

मोहफुलांचा तो गोड, आंबूस वास आला की मला अहेरीचा आमचा शेजारी, लाकडाचा ठेकेदार आठवतो आणि तोंड कडू होतं. पन्नासच्या दशकात गावात वीज नव्हती, तरी मिरवायला त्याने रेडिओ आणला. खिडकीतून तार काढून तो दारातल्या लॉरीच्या बॅटरीला जोडला आणि बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन चालूच ठेवलं. इंजिन गुरगुरलं की रेडिओ खरखरे, हे मला आमच्या ओट्यावरूनही कळत होतं. "भाऊ, लॉरी बंद करून पाहा ना," मी म्हटलं. "बाई, तुमाले यातलं काय समजते? या मोहाची सळसळ तारेत शिरून राह्यली," म्हणत त्याने अंगणातल्या झाडाकडे बोट दाखवलं. चैत्र होता. झाडाखाली फुलांचा सडा होता आणि फांद्यांवर पान औषधालाही नव्हतं. जन्मभर जंगल विकून खाणाऱ्याला एवढंही दिसू नये! कुऱ्हाडी चालल्या. रोज तिथे फुलं वेचणारी म्हातारी रिकामी टोपली घेऊन म्हणाली, "भाऊ, आता फुलं तुमचा रेडिओ देते काय?" तो खदखदून हसला. झाड कोसळलं, ते बघायला लॉरीत बसलेला ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरला आणि रेडिओ स्वच्छ गाऊ लागला. "पाहा बाई! म्हनलं होतं का नाई?" छाती फुगवून तो मलाच म्हणाला. आजही शेजाऱ्याची स्कूटर सुरू झाली की माझा रेडिओ खरखरतो, आणि मी आधी खिडकीशी जाऊन अंगणातलं झाड जागेवर आहे ना, ते पाहते.