नागपूरच्या माणसाचा विमा

मी अमरावतीला कायद्याच्या कॉलेजात शिकवायचे. निवृत्तीनंतर घरी स्वस्थ बसवेना, म्हणून ग्राहकांच्या एका मंडळात जाऊ लागले. विमा कायद्यात सुधारणा येऊ घातल्या होत्या. मसुदा वाचायचा आणि हप्ते भरणाऱ्यांना विचारून त्यांची मतं सरकारला कळवायची, असं मंडळाचं ठरलं. मसुदा मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा पहिल्यापेक्षा कमी कळला.

अकोल्याचं काम मी मागून घेतलं. तिथं जुन्या शहरात माझी ताई राहते. शिवाय भाऊजींचा फोन आला होता. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून आपल्या विम्याचं सगळं ताईला एकदा समजावून सांगावं, एवढाच त्यांना ध्यास. ताई ऐकूनच घेत नव्हती.

"मी विमा म्हटलं का तुई ताई कुकर पाहाले उठते," ते म्हणाले. "चार लोकांत तू विषय काढ. पाहुण्यायसमोर उठून नाही जायची."

संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर गल्लीतली मंडळी जमली. भाजी विकणारं एक जोडपं, कोपऱ्यावरचा टेलर, शेजारच्या काकू. मी थेट मसुद्यातलाच प्रश्न वाचला: विमाधारकाचा मृत्यू झाल्यास रक्कम कोणाला मिळावी?

भाजीवाला बायकोकडे बघेना, बायको त्याच्याकडे बघेना.

"दिवेलागणीच्या वक्ताले काहून असं अभद्र बोलून राहिली वं?" असं म्हणून ताई चहा करायला आत गेली.

वर्गात पोरं गप्प बसली की मी चिडायचे, तशी इथंही चिडले. म्हटलं, विमा काय लग्नासाठी काढता?

"हो ना, पोरीच्या लग्नासाठीच काढला," टेलर शांतपणे म्हणाला.

शेवटी भाऊजी खाकरले. "आपल्यातलं कोणी नाही. समजा, नागपूरचा एक माणूस हाये."

सगळ्यांना हायसं वाटलं. नागपूरच्या माणसाला मारायला कोणाचीच हरकत नव्हती.

"पोरी किती त्याले?" भाजीवालीने विचारलं.

"दोन."

"अन् माय?"

"हाये."

मग आईच्या वाट्याला काही यायलाच हवं, यावर पुष्कळ बोलणं झालं. त्याच्या भावाला पैशाच्या आसपास फिरकू देऊ नका, असं टेलरने बजावलं. काकूंनी नागपूरवाल्याला तंबाखूची सवय लावली आणि लगेच सोडायलाही लावली. मसुद्यातली कलमं अशी कोणी सोडवलेली मी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. मी भराभर लिहून घेत होते.

ताई दारात कधी येऊन उभी राहिली, कळलंच नाही. हातात चहाचा ट्रे.

"त्याच्या बायकोले तर कायीच मालूम नसन," ती म्हणाली. "सही करतानी तिलेबी बोलवा, असं लिह्य तुया कायद्यात. मागून तिनं पोरी सांभाळाव का कोर्टाच्या चकरा माराव?"

"पन तिनं आयकून तर घ्याले पाह्यजे," भाऊजी हळूच म्हणाले.

ताईने त्यांच्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना चहा दिला.

मंडळी गेली. मी कागद आवरत होते, ताई कप गोळा करत होती.

"अहो," तिनं पाठमोऱ्यानेच विचारलं, "तो नागपूरवाला आपले कागद कुठी ठेवते?"

भाऊजी सरसावून बसले. "कपाटात. बायकोच्या शालूखाली."

"त्याले म्हणा, दाखव एकडाव." ती कप खाली ठेवून त्यांच्याशेजारी बसली. "अन् जायाची घाई नोको करू, हेबी सांगा त्याले."

"सांगतो," भाऊजी म्हणाले.

आत कुकरची शिटी झाली. ताई उठली नाही. मीच गेले.