जळगावात काढलेलं गरुडाचं बाळंतपण

माझे सासरे, म्हणजे आमचे आबा, शिरपूरकडच्या गावी ओट्यावरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि ते जळगावला आमच्याकडे आले. आले म्हणजे आम्ही आणले. खुशीने आले असते तर दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडले नसते. डॉक्टरांनी बजावलं होतं, वॉकर धरून चालवा, नाहीतर कायमचे अंथरुणाला खिळतील. व्यायाम करून घेणारा मुलगा रोज यायचा. तो आला की आबा डोळे मिटायचे, गेला की उघडायचे. वडिलांना उभारी यावी म्हणून माझ्या नवऱ्याने त्यांना मोबाइलवर कुणाकुणाची प्रेरणा देणारी भाषणं ऐकवली. तेव्हापासून आबांचं जेवणही कमी झालं.

भेटायला येणाऱ्यांनी आपापल्या परीने हातभार लावला. जळगावात आजाऱ्यासाठी केळी विकत घेऊन येणारे थोर लोक मी त्या उन्हाळ्यात पाहिले. खुबा मोडून पुढे वारलेल्या एखाद्या नातेवाइकाची गोष्ट आबांना सविस्तर सांगून, चहा पिऊन ते निघायचे. माझी नणंद धुळ्याची. तिला यायला जमत नव्हतं, पण फोनवरून काळजी मात्र ती न चुकता करायची. "वहिनी, आबांना जपा हं!" जणू मी त्यांना भाड्याने देणार होते.

माझी लेक पुण्याहून चार दिवस आली होती. तिने एका सकाळी टीव्हीला इंटरनेट जोडलं आणि कुठल्यातरी थंड देशातलं गरुडाचं घरटं लावून दिलं. झाडाच्या शेंड्यावर कॅमेरा बसवलेला, जे घडेल ते थेट दिसायचं. काटक्यांच्या ढिगाऱ्यात मादी बसली होती आणि तिच्या पाठीवर बर्फ पडत होता. इकडे कूलरमध्ये पाणी ओतून माझे हात भरून आले होते.

आबांनी कूस बदलली. "हाई काय शे? घार शे का?"

"गरुड आहे, आबा. अंड्यांवर बसलीय."

"मंग तिना मालक कोठे गया?"

तेवढ्यात मालक मासा घेऊन उतरला. आबा उशीला टेकून बसले. "हां," ते म्हणाले, "मानूस चांगला शे."

लेक पुण्याला गेली, गरुड राहिला. पुढे अंडी फुटली, दोन पिल्लं निघाली आणि आमच्या घरात बाळंतपण सुरू झालं. आबा पिल्लांच्या जेवणाच्या वेळी जेवू लागले, हे मान्य करायला हवं. पण नवऱ्याचं काय सांगावं! माझ्या दोन्ही बाळंतपणांत या माणसाने फक्त पेढे आणले होते. तो आता दुपारी ऑफिसातून फोन करून विचारायचा, "मासा आला का?" नणंदेनेही तिकडे धुळ्यात तेच घरटं लावलं. आता तिचा फोन आला की आबांची प्रकृती शेवटी, वेळ उरला तर.

थोरलं पिल्लू धाकट्याला टोचायचं. आई मासा भरवायला लागली की धाकट्याच्या डोक्यावर चोच बसलीच. ते मान खाली घालून कोपऱ्यात पडून राहायचं आणि आई शांतपणे थोरल्याला भरवत राहायची.

"माय बठ्ठं देखस अन काहीच करत नही!" आबा संतापायचे.

नवरा घरात थोरला. तो समजुतीने म्हणाला, "आबा, निसर्गच आहे तो. थोरल्याचा हक्क पहिला."

आबांनी टीव्हीवरची नजर त्याच्याकडे वळवली. "तू बी असाच व्हता," ते म्हणाले.

नवऱ्याने त्या दिवसापुरता निसर्ग सोडून दिला.

मग मे महिन्यात थोरल्या पिल्लाने घरट्याच्या काठाकडे पाठ केली, शेपूट वर उचलली आणि नेमकी कॅमेऱ्याच्या काचेवर विष्ठेची पिचकारी मारली. पडदा पांढरा. पुढचे कित्येक दिवस आमचं सुशिक्षित कुटुंब हॉलमध्ये बसून ती पांढरी विष्ठा पाहत होतं. आवाज तेवढा यायचा. आबांना कमी ऐकू येतं. ते विचारायचे, "दोन आवाज येतस का एक?" आम्ही सगळे कान लावायचो आणि ठामपणे वेगवेगळं उत्तर द्यायचो. मला एकच ऐकू यायचा. तो धाकट्याचा नव्हता, हे मी आबांना सांगितलं नाही.

एके दुपारी तिकडे पाऊस सुरू झाला. काचेवरून पाणी ओघळू लागलं, पांढऱ्यातून थोडं हिरवं दिसायला लागलं आणि इकडे लाइट गेली.

मी गच्चीवर पापड काढायला गेले. खाली आले तर आबांची कॉट रिकामी. वॉकर नाही, दार उघडं. बाहेर असं ऊन, की कुत्रीसुद्धा मोटारींखाली शिरलेली. "आबा, आबा" करत मी अनवाणीच रस्त्यावर धावले. ज्या माणसाने संडासापर्यंत जायला सुद्धा आमचे खांदे मागितले होते, तो गेला तरी कुठे?

शेजारच्या घराची खिडकी उघडली. या शेजारणीशी माझं बोलणं बंद होतं. तिची गाडी आमच्या फाटकासमोर उभी राहायची आणि माझी जीभ तिच्या गाडीसमोर. पण तिच्याकडे इन्व्हर्टर होता, आणि हे आबांना ठाऊक होतं.

"आत या," ती म्हणाली. "आरडू नका, बघताहेत ते."

आबा तिच्या सोफ्यावर घामाने निथळत बसले होते, हातात ताकाचा ग्लास. मी रागाने काहीतरी बोलणार, तोच ते म्हणाले, "देख."

काच धुऊन निघाली होती. घरट्यात एक मोठं पिल्लू होतं. त्याच्या पलीकडे, भिजून बोळा झालेलं, दुसरं. आई त्याला भरवत होती.

मी शेजारणीच्या सोफ्यावर बसले आणि रडले. माझ्यासाठीही ताक आलं. त्या दिवसापासून आम्ही बोलू लागलो. पुढचं भांडण व्हायला मग फार दिवस लागले नाहीत.

आबा चालू लागले. व्यायामवाल्या मुलाने सगळं श्रेय घेतलं आणि आम्ही ते घेऊ दिलं. पिल्लं पंख फडफडवायला लागली तेव्हा नणंद धुळ्याहून आबांना भेटायला आली आणि आबांकडे पाठ करून टीव्हीसमोर बसली. तिच्यासमोरच थोरला उडाला. धाकटा कितीतरी दिवस काठावर नुसता पंख मारत राहिला. आम्ही पाळीपाळीने लक्ष ठेवलं. आणि ज्या दुपारी आम्ही सगळे एकत्र बसून शेवभाजी खात होतो, त्याच दुपारी तो गेला. जेवून येऊन पाहतो तर घरटं रिकामं. संध्याकाळी आबांनी आपली पिशवी भरायला घेतली.

आम्ही त्यांना गावी सोडून आलो. आठवड्याने घरट्याची चौकशी करायला त्यांचा फोन आला.

"खोपामा कोनी उनं का?"

टीव्ही चालूच होता. रिकाम्या काटक्यांवर वारा वाहत होता आणि मी समोर बसून मेथी निवडत होते. "नाही, आबा."

"मंग काय देखत बठनी? बंद कर ना," ते म्हणाले आणि माझं उत्तर ऐकायच्या आत फोन ठेवला.